सोसायटीच्या सभेला भाडेकरूला बसता येतं का? मालक परदेशात आहेत, त्यांनी पत्र दिलं तर चालेल का?

नाही, आणि पत्राचा तर अजिबात उपयोग नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा सभासदांची असते. मालकाने अधिकारपत्र दिलं, अगदी मुखत्यारपत्र करून दिलं, तरी त्याच्या जागी तुम्हाला बसता येत नाही. आदर्श उपविधींतच (संस्थांसाठीच्या नमुना नियमांतच) तसं आहे. सहयोगी सभासद (मूळ सभासदाच्या जोडीने नोंदलेला) व्हायचा रस्ताही बंद. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे सभासदाचे नातेवाईकच लागतात. नाममात्र सभासद म्हणून नोंद झाली तरी मत मिळत नाही.

तरीही मी एकदा जाऊन बसले होते.

तेव्हा आम्ही पुण्यात उंड्रीला भाड्याने राहायचो. नळाचं पाणी नावाला, सगळी मदार टँकरवर. निम्म्याहून जास्त फ्लॅट भाड्याने दिलेले, म्हणजे बादल्या भरून ठेवणारे आम्ही आणि ठराव करणारे कोथरूड, नाशिक आणि न्यू जर्सीला. उन्हाळ्यात टँकरचा खर्च भलताच वाढला आणि जादा वर्गणीसाठी विशेष सभेची नोटीस लागली. वर्गणी मालक भरणार, पण आमच्या मालकांनी 'भाड्यात बघू' असं आधीच कळवलेलं.

मी घरूनच काम करायचे आणि माझी खिडकी बरोबर टाकीवर उघडायची. दुधाचा हिशेब ठेवायच्या कॅलेंडरवर मी टँकर आला की त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ मारायचे. बोर्डावर खर्चाचा तपशील लागला तेव्हा माझ्या रेघा आणि बिलातले टँकर जुळेनात. वॉचमनला विचारलं, रात्री एकही येत नाही म्हणाला.

सभा पार्किंगमध्ये. कोरम भरला नाही म्हणून नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब, मग वडे. आम्ही चार-पाच भाडेकरू मागच्या रांगेत. सचिवांनी हजेरीपुस्तकावरून मान वर केली. "भाडेकरू मंडळींनी वर जावं. वडे घेऊन जा हवं तर."

मी म्हटलं, "काका, पाण्याबद्दल दोनच मिनिटं बोलायचंय."

"ताई, मालकांना पाठवा. तुम्ही उद्या दुसरीकडे जाल, बिल आम्हाला भरायचंय."

हे वाक्य मला आजही झोंबतं. बिल कोण भरतं? मेंटेनन्स भाड्यात धरलेला असतो. मालक राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते (२००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, तुमच्याकडे जास्त घेत असतील तर मालकांना सांगा), तेही फिरून भाड्यातच येतात. पावती मालकाच्या नावाची, एवढंच.

कॅलेंडरचं पान मी दुसऱ्या मजल्यावरच्या सभासद आजींच्या हातात दिलं आणि जिन्यात उभी राहिले. ठराव वाचून झाला, कुणीतरी 'मंजूर' म्हणालं, आणि आजी उठल्या. वाचायचा चष्मा लावला. "चार तारखेला दोन टँकर लावलेत. आला एक. नऊ तारखेला आलाच नाही." खजिनदार फाइल चाळत बसले. वर्गणी त्या दिवशी मंजूर झाली नाही. पुढच्या महिन्यापासून वॉचमनकडे रजिस्टर आलं: गाडीचा नंबर, वेळ आणि घरी असलेल्या कुणा रहिवाशाची सही. दुपारी घरी कोण असायचं? आम्हीच. सही भाडेकरूची चालते, खुर्ची चालत नाही. इतिवृत्तात मात्र 'सभासदांच्या सूचनेवरून'.

तेव्हा तुम्हीही तिथे राहणारा एखादा सभासद गाठा. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी लागते, विशेष सभेची ५ दिवस. विषयपत्रिका वाचून तुमचा मुद्दा आकड्यांसकट लिहून त्याच्याकडे द्या. मालकांनाही सभेची वाट न बघता समितीला लेखी पत्र पाठवायला सांगा आणि पोच घ्यायला लावा. पाणी, पार्किंग, कचरा, वॉचमन यांसाठी समितीने सगळ्या रहिवाशांची वेगळी बैठक घेतली तर कुठलाही कायदा आड येत नाही. आमच्या काकांना हे सांगितलं तर 'प्रथा नाही' म्हणाले. त्यांना तेव्हा विचारायचं राहिलं ते इथे विचारते: वर्गणीला 'मंजूर' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या उन्हाळ्यात त्या इमारतीत अंघोळ केली होती?

पुनर्विकास, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), समितीची निवडणूक यांत भाडेकरूने पडू नये, हे मलाही मान्य आहे. आणि हे सगळं नोंदणीकृत सोसायटीबद्दल झालं. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर तिथे मतं अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या) प्रमाणात मोजतात आणि नियम वेगळे असतात. इमारत त्या कायद्याखाली आणणारं घोषणापत्र आणि उपविधी मालकांकडून मागवून घ्या.