टकळीवर कापसाचं सूत तुटतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन मागवलेली लाकडी टकळी (चकती बसवलेली, हाताने फिरवून सूत कातायची काडी) 45 ग्रॅमची आहे, कापूस औषधाच्या दुकानातून आणलाय, आणि वीतभर सूत झालं की ते तुटून टकळी खाली पडते. हाताला जमत नाही म्हणून सरळ पेटी चरखा घ्यावा का, असा तुमचा प्रश्न. चरख्याचं शेवटी सांगतो. आधी तो कापूस बाजूला ठेवा, सूत तुटण्याचं निम्मं कारण तोच आहे.

कापसाच्या तंतूवर मुळात मेणाचा पातळ थर असतो. कातताना तंतू एकमेकांवरून सरकतात ते या मेणामुळे. औषधी कापसाने पाणी चटकन शोषून घ्यावं म्हणून तो उकळून, ब्लीच करून त्यातलं मेण काढून टाकलेलं असतं. मग तंतू सरकत नाहीत, गुंततात. तुम्ही ओढता तेव्हा एक तर काहीच येत नाही, नाही तर एकदम बोळा सुटतो आणि त्याच्या मागे सूत तुटतं. या कापसावर पट्टीच्या कातणाऱ्याचाही हात नीट चालणार नाही.

दुसरं निम्मं कारण टकळीचं वजन. आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण इंचभर, देशी वाणाचा त्याहून आखूड. लोकरीचा तंतू याच्या दुपटी-तिपटीने लांब. सूत टिकतं ते पिळामुळे तंतू एकमेकांना आवळून धरतात म्हणून, आणि तंतू जितका आखूड तितका इंचाला जास्त पीळ लागतो. गिरणीतला जुना हिशोब आहे: सुताच्या नंबराचं वर्गमूळ काढून त्याला साधारण साडेचाराने गुणायचं. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. म्हणजे 16 नंबरी सुताला इंचात 18 पीळ हवेत. तुमची रुंद चकतीची जड टकळी फिरते बराच वेळ, पण संथ. तेवढे पीळ भरायच्या आतच तिचं सगळं वजन त्या कच्च्या सुतावर लोंबकळतं. कापसाला याच्या उलट टकळी हवी: हलकी, चकती लहान, फिरायला चपळ. पितळेची चकती, पोलादी तार आणि टोकाला आकडा अशी जी जुनी टकळी असते, ती अगदी योग्य. 15-20 ग्रॅमच्या आसपासची घ्या. सुरुवातीला ती लोंबकळत ठेवूच नका. खालचं टोक वाटीत टेकवून फिरवा, म्हणजे सुतावर वजनच येत नाही.

लाकडी टकळी मात्र टाकू नका, लोकरीसाठी ती छान आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, मऊ स्वेटर तिचा होत नाही, पण धनगरांनी कातलेल्या आणि सनगरांनी विणून चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीचा धागा याच लोकरीचा. लांब तंतू, जाड धागा, कमी पीळ. तिथे जड टकळी लोंबकळत सोडली तरी धागा तिला पेलतो. माझ्या मते शिकायला लोकर सोपी आहे. पण तुम्हाला कापूसच कातायचा आहे, तर तेच करू.

कापूस मिळवायचा तर सरकीसकट मिळवा. ओळखीत कोणी शेतकरी असेल तर दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत किलोभर मागून घ्या. सपाट पाटावर थोडा कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून पुढे लाटत न्या. सरकी पुढून निसटते, तंतू मागे राहतात. हाताने काढलेला असा कापूस गाठीत दाबून बांधलेला नसतो, म्हणून तो मोकळा असतो आणि त्याच्या पेळूवर (कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या सैल नळीवर) कातणं निराळंच वाटतं. पिंजायला धनुकली (कापूस पिंजायचं लहान धनुष्य) नसेल तर कुत्र्याच्या केसांसाठी मिळतात ते बारीक तारांचे दोन ब्रश चालतात. पिंजलेला पातळ थर विणकामाच्या सुईवर हलक्या हाताने गुंडाळा आणि सुई ओढून घ्या: पेळू तयार. घट्ट वळलात तर पुन्हा तेच तुटणं सुरू होईल. एवढा खटाटोप नको असेल तर खादी भांडारात पेळू मिळतात का पाहा, किंवा वर्ध्याला गोपुरीच्या ग्राम सेवा मंडळात विचारा.

पेळूकडे मी इतका वेळ देतोय, कारण कातण्याची खरी कारागिरी तिथेच आहे. ढाक्याच्या मलमलीसाठी कातणाऱ्या बायका बोआल माशाच्या जबड्याने कापूस विंचरत. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यात पोंदुरूच्या खादीसाठीही माशाचा जबडा वापरतात. बारीक, दाट दातांनी आखूड तंतू आणि कचरा निघून जातो, उरलेले तंतू सरळ होतात. ढाक्याला कातण सकाळच्या दमट हवेत चाले, तेही सकारण: कापसाचा तंतू ओला असताना अधिक बळकट होतो. विदर्भात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं ते याच्या उलट कारणाने. अशा वेळी भल्या पहाटे काता, नाही तर जवळ ओला पंचा टांगून ठेवा.

आता हात. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने टकळीला गिरकी. पहिले काही दिवस दोन्ही कामं एकदम करू नका. टकळी फिरवून सुतात पीळ साठवा, ती थांबवून गुडघ्यांत धरा, मग डावा हात मागे न्या, साठलेला पीळ पेळूत शिरतो आणि सूत निघतं. हे जमलं की टकळी फिरत असतानाच ओढायला लागा. मध्ये जाड गाठोडं आलं तर घाबरून थांबू नका. पीळ नेहमी बारीक जागी आधी जाऊन बसतो, जाड जागा सैल राहते. म्हणून तेवढाच भाग दोन्ही हातांत धरून सावकाश ताणला की जाड जागा ओढली जाते आणि बारीक जागा पिळामुळे टिकून राहते. सगळं सूत सारखं होतं ते असं, ओढतानाच. पहिल्यांदा हे घडताना दिसतं तेव्हा फार आनंद होतो, मला तर अजूनही होतो.

पीळ पुरेसा झाला का हे पाहायला सूत थोडं सैल सोडा. ते स्वतःभोवती चटकन दुमडून वळलं तर ठीक. नुसतं लोंबत राहिलं तर अजून गिरक्या हव्यात.

एकेरी सूत विणायला नाजूक वाटलं तर दुहेरी करा, मात्र उलट्या दिशेने पीळ देऊन. जानव्याचं उदाहरण घ्या: चार बोटांभोवती 96 वेढे मोजलेलं सूत तिहेरी करून वळतात, मग पुन्हा तिहेरी करून उलट दिशेने पीळ देतात. नऊ तंतूंचा तो दोरा अंगावर घामात-पाण्यात इतका टिकतो तो या उलटसुलट पिळामुळे. सुताची लड फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) उतरवली की धुण्याचा सोडा चिमूटभर घालून अर्धा तास उकळा. मेण निघतं, पीळ बसतो. मेण काढायची योग्य वेळ ही, कातून झाल्यावरची.

आणि पेटी चरखा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तो घडत गेला, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. मोठं चाक लहान चाकाला आणि ते चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या टोकदार सळईला, फिरवतं, त्यामुळे चातीला भरपूर वेग मिळतो. वेग वाढला की चुकीचा पेळूही तितक्याच वेगाने तुटतो, म्हणून टकळीवर सलग हात-दीड हात सूत निघायला लागेपर्यंत थांबा. घ्याल तेव्हा चात फिरवून तिच्या टोकाकडे नीट पाहा. टोक थरथरत असेल तर चात वाकडी आहे, तो चरखा घेऊ नका.