18446744073709551615 ही मूळ संख्या आहे का? हिचे अवयव हाताने काढता येतात का?

मूळ नाही. एकक स्थानी 5 आहे, म्हणजे पाचाने भाग जाणारच. अंकांची बेरीज 87, म्हणून तीननेही जातो. नवाने मात्र नाही. आणि हो, सगळे अवयव कागद-पेननं निघतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यात गणित शिकवतो. आमच्या वर्गात ही संख्या आली ती ज्वारीमुळे. एका पोट्ट्यानं घरून ओंजळभर ज्वारी आणली, फरशीवर खडूनं बुद्धिबळाचा पट आखला आणि दर घरात दुप्पट दाणे मांडत गेला. आठव्या घरात 128 दाणे मोजताना दोनदा विसरला, दहाव्या घराशी ओंजळ रिकामी. चौसष्टही घरं भरली तर एकूण दाणे 2⁶⁴ − 1, म्हणजे तुमची हीच संख्या. मोबाइलनं शेवटचे आकडे गिळून नुसती शून्यं दाखवली, म्हणून फळ्यावर दुप्पट करत बसलो. हातचा चुकला तो माझाच, पोट्ट्यांनी पकडला.

हजार दाण्यांचे 30 ग्रॅम धरा, तर ही ज्वारी 55 हजार कोटी टनांच्या वर जाते. 2023-24 मध्ये आपल्या देशात सगळं धान्य मिळून सुमारे 33 कोटी टन पिकलं होतं. असो.

अवयवांसाठी वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र पुरतं. 2⁶⁴ − 1 = (2³² + 1)(2³² − 1). यातला वजाचा कंस पुन्हा तसाच फुटतो, त्यातला वजाचा पुन्हा. शेवटी उरतं ते असं:

3 × 5 × 17 × 257 × 65537 × 4294967297

पहिल्या पाचही मूळ संख्या. खरी गाठ सहावीत आहे. फर्मा पेशानं कायद्याचा माणूस, गणित हौसेचं. पण त्यातला दादा. ही सहावीही मूळच असणार असं त्याला वाटलं होतं. ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञानं 1732 मध्ये ती फोडली. त्याची युक्ती मला फार आवडते: हिला मूळ अवयव असलाच, तर त्याला 64 ने भागल्यावर बाकी 1 उरलीच पाहिजे. मग दोन, तीन, पाच, सात करत बसायची गरजच नाही. 65 आणि 129 मूळ नाहीत, 193 मूळ आहे. असं चाळत गेलं की तपासायला उरतात 193, 257, 449, 577, 641. पहिल्या चारांनी भाग जात नाही, 641 नं जातो. भागाकार 6700417, आणि तीही मूळ.

म्हणजे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक तयार करताना यातला प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक 2⁷, म्हणजे 128. आठव्या घरातले दाणेही तेवढेच होते. हे मला नाही, ज्वारी आणणाऱ्या पोट्ट्यालाच आधी दिसलं.