जपानी माणसं इतकी शिस्तीची आणि नम्र, मग दुसऱ्या महायुद्धात त्यांचं सैन्य इतकं क्रूर कसं झालं? की हा सगळा विजेत्यांनी लिहिलेला इतिहास आहे?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण ह्याच वाक्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं काही वर्षांपूर्वी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

नाही, हा विजेत्यांनी रचलेला इतिहास नाही. उलट विजेत्यांनी झाकलाच. चीनमध्ये हार्बिनजवळ जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने जिवंत माणसांवर प्रयोग केले आणि अमेरिकेने त्या प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात तुकडीचा प्रमुख इशिई शिरो आणि त्याच्या माणसांना खटल्याविना सोडून दिलं. नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेल्या कत्तलीबद्दल तुम्ही वाचलेलं असेलच. पण ते चीनचं. मी आपल्या माणसांचं सांगते, युद्धात जपानच्या ताब्यात गेलेल्या अंदमानातल्या.

२०१९ साली आम्ही भावंडं अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर दादाचे डोळे भरून आले, माझेही आले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, उद्या हम्फ्रीगंजच्या स्मारकाला जाऊ या. तर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तिथे काय आहे? जपान्यांनी हे बेट आपल्यासाठी सोडवलं. तू इंग्रजांनी लिहिलेलंच वाचत बसतेस." तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी. जेवताना कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीचे हॅवलॉकला गेले. मी रिक्षा करून एकटी हम्फ्रीगंजला गेले. स्मारकाशी पोचल्यावर रिक्षावाल्याने मला न विचारता चपला काढल्या आणि लांबच उभा राहिला. ३० जानेवारी १९४४ ला जपानी सैन्याने तिथे ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. खरे हेर ब्रिटिशांनी पाणबुडीतून उतरवले होते. मारले गेले ते गावातले लोक, त्यातले कितीतरी इंडियन इंडिपेंडन्स लीगचे. म्हणजे जपानच्याच बाजूने स्वातंत्र्य मिळवायला निघालेले!

त्याच लीगच्या तिथल्या शाखेचे प्रमुख डॉ. दिवान सिंग. जपान्यांनी त्यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडलं, ८२ दिवस सेल्युलर जेलमध्ये हालहाल केले आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. आता तारखा जुळवून बघा. २९ डिसेंबरला नेताजी पोर्ट ब्लेअरला उतरले, दुसऱ्या दिवशी त्यांनी तिरंगा फडकवला, तेव्हा दिवान सिंग त्याच गावात, त्या तुरुंगात मरणाच्या दारात होते. नेताजींना जपान्यांनी हे कळू दिलं नाही. मी हे सांगितलं की दादाला वाटतं मी नेताजींना दोष देते. अजिबात नाही. फसवणाऱ्यांना देते.

दादाचं ठरलेलं उत्तर म्हणजे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात हे भारतीय न्यायाधीश होते आणि त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, हे खरंच आहे. पण का? कृत्य घडलं तेव्हा नसलेल्या कायद्याखाली शिक्षा देता येणार नाही, आणि न्यायाधीश सगळे जिंकलेल्यांचेच, हा त्यांचा मुद्दा. अत्याचार झालेच नाहीत असं ते कुठेही म्हणत नाहीत. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा भरभक्कम आहे, असं त्याच निकालपत्रात आहे. ते मी पान उघडून दादापुढे ठेवलं होतं. त्याने चष्मा शोधायला घेतला आणि विषय बदलला.

आता "कसं झालं" ते. रक्तातच होतं वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९०४-०५ च्या युद्धात ह्याच जपानने रशियन कैद्यांना मात्सुयामाला इतकं चांगलं वागवलं की जगभर नाव झालं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत सैन्य बदललं. वरचा खालच्याच्या थोबाडीत मारणार, तो त्याच्या खालच्याच्या, आणि शेवटच्या शिपायाच्या हाती सापडणार कैदी नाहीतर गावकरी. त्यात १९४१ ची लष्करमंत्री तोजोच्या नावाने निघालेली सैनिकांची आचारसंहिता, की कैदी होण्याची नामुष्की पत्करून जगू नका. मग समोर शरण आलेला माणूस त्यांच्या लेखी माणूसच राहिला नाही. वर रसद तोकडी, जिथे जाल तिथलंच ओरबाडून खा.

ब्रिटिशांनी त्याच तुरुंगात काय केलं ते मी विसरलेले नाही. आजच्या जपानी माणसाला ह्यात ओढण्याचंही काही कारण नाही.

तुम्ही अंदमानला जाणार असाल तर एक सकाळ हम्फ्रीगंजला द्या, घरचे काहीही म्हणोत. आणि हॅवलॉकला गेलात तर एवढं लक्षात असू द्या. ऑगस्ट १९४५ मध्ये बेटावर खायला उरलं नव्हतं. तेव्हा शेती करायला नेतो म्हणून जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत भरलं आणि हॅवलॉकच्या जवळ समुद्रात ढकलून दिलं. पोहून किनाऱ्याला लागले तेही बहुतेक उपासमारीने मेले. २०१८ पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे. दादाने तिथल्या वाळूत काढलेला सगळ्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय.