प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. करू का? संस्कृत येत नाही आणि घरचे म्हणतात बी.एड. कर

तुम्ही वर्धा जिल्ह्यातले, बी.ए. इतिहास घेऊन झालंय, इंग्रजी बेताचं, संस्कृत शून्य, आणि घरच्यांना बी.एड. हवंय. वाचून मला आमची ओसरी आठवली. बारा वर्षांपूर्वी तिथे हाच वाद तीन दिवस चालला होता. बाबा म्हणत होते, "दगडं पाहाले एम.ए. कायले लागते? आपल्या वावरात का कमी हायेत?" भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आमची तीन एकर धानाची शेती. तिथून मी नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागात गेलो. आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. आमच्या नेमणुका उशिराच होतात, त्यामुळे रोवणीला मी घरी हमखास सापडतो. पगाराच्या बाबतीत तुम्हाला भुरळ घालायची माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करतो.

तरीही करा म्हणेन.

आधी संस्कृतचं. मलाही येत नव्हतं. पहिल्या सत्रात लिपीचा पेपर राहिला, कारण मी अक्षरं गाइडमधल्या उत्तरांसारखी पाठ करत होतो. एका सरांनी सांगितलं, पाठ करू नको, वापर. मग खोलीवरच्या दुधाचा हिशेब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ब्राह्मीत लिहायला लागलो. अशोकाच्या काळची ब्राह्मी दिसायला साधी: क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसता गोल, ग म्हणजे घराचं छप्पर. पंधरा दिवसांत हात बसला. आकड्यांनी मात्र घाम काढला. त्या जुन्या पद्धतीत शून्यच नाही. दहाला एक चिन्ह, विसाला दुसरं, शंभराला तिसरंच. महिनाअखेरीस माझी बेरीज काही जुळेना आणि दूधवाल्याचीच वही खरी धरावी लागली. पण पुढच्या खेपेला पेपर निघाला.

वाकाटक म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी विदर्भावर राज्य करणारं घराणं. त्यांच्या ताम्रपटांची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या लेखांची, लिपी या ब्राह्मीच्याच वंशातली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी, म्हणून ती पेटिकाशीर्षक. भाषा संस्कृत आहे, पण दानाचा ताम्रपट म्हणजे शेवटी त्या काळचा सातबाराच की. साचा ठरलेला: कुठून काढला, राजाची वंशावळ, गावाचं नाव, दान घेणाऱ्याचं गोत्र, कशाकशातून सूट, आणि दान मोडणाऱ्याला शाप. चार नीट वाचले की पाचव्याचं निम्मं आपसूक लागतं. त्यातली सवलतींची यादी मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवतो. राजाचा माणूस गावात आला की गवत, बसायला कातडं आणि कोळसा गावाने पुरवायचा. दान दिलेल्या गावाला ते माफ. फुलं आणि दूधही माफ. पंधराशे वर्षं झाली, साहेब आल्यावर कोंबडी कोणाच्या घरची हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांकडे दिलेली. नवरा, म्हणजे दुसरा रुद्रसेन, लवकर गेला, पोरगं लहान, म्हणून कारभार तिने पाहिला. तिचा एक ताम्रपट मिळाला पुण्यात, पण त्याच्या सुरुवातीलाच 'नान्दिवर्धनात्' असं आहे. नंदिवर्धन म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन. गंमत अशी की त्यात तिने वंशावळ दिली ती माहेरची. दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. तो 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्' दिलेला, म्हणजे रामटेकच्या देवाच्या पायाशी. हे दोन शब्द ताम्रपटाच्या कागदावर घेतलेल्या ठशावर बोट ठेवून पहिल्यांदा स्वतः लावले, त्या दुपारी मी एस.टी. धरून रामटेकला गेलो. काम काही नव्हतं.

इंग्रजीचं तेवढं मनावर घ्या. पेपर मराठीतून लिहिता येईल, पण उत्खननांचे अहवाल जवळपास सगळे इंग्रजीत आहेत. मराठीत वा. वि. मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' आहे, १९५७ चं. सुरुवात तिथून करा. मिराशींच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे तुमचं पवनार. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाच्या जागेत निघालेली शिल्पं तुम्ही पाहिलीच असतील. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झालं आणि प्रवरपूर ते हेच, असं म्हणणारे पुढे आले. बी.ए.ला आपण एक उत्तर लिहून मोकळे होतो. इथे दोन्ही बाजूंचा पुरावा मांडून तुम्हाला कोणाचं पटतं आणि का, ते लिहावं लागतं. पहिले सहा महिने हे जड जातं.

आता तुमच्या फायद्याचं. गावातल्या पोराला या विषयात एक गोष्ट फुकट मिळालेली असते आणि ती त्याला माहीत नसते. तुमच्या तालुक्यात रिठ गावं असतीलच. तलाठ्याच्या दप्तरात मौजा आहे, नकाशावर शीव आहे, पण वस्ती नाही. असलंच तर एखादं पडकं मारुतीचं देऊळ. तिथली माती पाहा. आजूबाजूला काळी कापसाची जमीन आणि मध्येच राखाडी, भुसभुशीत उंचवटा. ती पांढरी. राख, शेण, पडलेल्या भिंती, पिढ्यान् पिढ्यांचा कचरा साचून ती माती झालेली असते. शहरातल्या माझ्या वर्गमित्रांना पांढरी आणि काळी यांतला फरक स्लाइडवर शिकावा लागला. मला तो आजीने शिकवला होता, घर सारवायची माती कुठून आणायची ते सांगताना.

पवनीला १९६९-७० मध्ये विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून खोदकाम केलं, जगन्नाथ टेकडीचा स्तूप उघडा पडला. माझे आजोबा तिथे रोजीने होते. त्यांच्या लेखी ते 'ब्रशनं माती झाडाचं काम', आणि असल्या कामाला पैसे देणारे लोक येडे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी तो अहवाल वाचत होतो, तेव्हा ते नव्हते. खड्ड्याच्या बाजूला मातीचे थर कसे दिसत होते, कोणत्या थरात लाल-काळी खापरं लागली, हे विचारायला घरातच माणूस होता आणि मी दहावीच्या अभ्यासात होतो. हे अजून खुपतं. तुमच्या गावात असं कोणी म्हातारं असेल तर आजच जाऊन बसा त्याच्याजवळ.

आणि हे सगळं वेगाने चाललंय. आमच्या बाजूच्या एका रिठाची अर्धी पांढरी रस्त्याच्या भरावात गेली, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. मामाचं गाव गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं, ते आता स्वतःच रिठ. लघुप्रबंधाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्या विदर्भातल्या पोराचं मला नवलच वाटतं.

नोकरीचं थोडक्यात. कमी आहेत. कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा, नेट, इतिहासात देता येते, पुरातत्त्व हा वेगळा विषयही आहे, राज्याची सेटही द्या. कॉलेजच्या जाहिरातीत बहुधा नुसतं 'इतिहास' असतं, म्हणून मध्ययुगीन आणि आधुनिक सोडून देऊ नका, माझी चूक तीच झाली. उत्खननाची आवड लागली तर एम.ए.नंतर ग्रेटर नोएडाला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. संग्रहालयं, राज्याचं पुरातत्त्व खातं, इथल्या जागा कधी निघतील याचा नेम नाही. बी.एड. एम.ए.नंतरही करता येतं. घरच्यांना तसा शब्द देऊन टाका, वाद अर्धा मिटतो. आमच्याकडे तसाच मिटला. आता बाबा वावरातून काही ना काही आणून ओसरीवर ठेवतात, "पाह्य बरं, तुया कामाचं हाय का." बहुतेक वेळा कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, तुकडा असतो.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. कोतवालाला विचारून जवळचं रिठ गाठा, एखादा पाऊस पडून गेल्यावर, सकाळी. माती धुतली गेली की खापरं वर येतात. उकरायचं नाही, नाणं किंवा मणी दिसला तरी खिशात टाकायचा नाही. जागेवरच फोटो काढा आणि वहीत लिहा. तीन तास उकिडवं बसून पाहा. कंटाळून घरी यावंसं वाटलं तर बी.एड.चा फॉर्म भरा, आणि जेवायची आठवण राहिली नाही तर नागपूरचा.