युकातानमधले सेनोते : निवड पाण्यावरच्या छतावरून करावी

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात आठवडाभराची सुट्टी आहे, तिथले सेनोते, म्हणजे पोहण्याजोगी नैसर्गिक विवरे आणि गुहा, पाहाव्यात का, पाहायच्या तर कोणत्या, आणि सोबतच्या व्यक्तीला जेमतेम पोहता येत असेल तर हे सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे. मी माझ्या थोरल्या बहिणीबरोबर तिथे जाऊन आले आहे आणि तिला तेव्हा अजिबात पोहता येत नव्हते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटला. जरूर जावे, मात्र छायाचित्रे पाहून जागा ठरवू नये, पाण्यावर छत किती आहे ते पाहून ठरवावी.

छत का, ते सांगते. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळजवळ नाहीच. सगळा प्रदेश सच्छिद्र चुनखडीचा असल्याने पावसाचे पाणी थेट खाली मुरते. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेले हे पाणी हजारो-लाखो वर्षे दगड झिजवत राहते आणि जमिनीखाली पोकळ्या व बोगदे तयार होतात. पोकळीवरचे छत एके दिवशी कोसळले की खालचे पाणी उघडे पडते. हाच सेनोते, इथल्या मूळ रहिवाशांच्या माया भाषेतल्या ‘त्सोनोत’ या शब्दाचे हे स्पॅनिश रूप. छताला नुसते भोक पडले असेल तर आत घुमटाखालची गुहा राहते, अर्धे छत उरले असेल तर डोह आणि गुहा शेजारी-शेजारी सापडतात, आणि सगळेच कोसळले असेल तर उभ्या कड्यांची विहीर किंवा झाडीने वेढलेले तळे दिसते. (द्वीपकल्पाच्या वायव्येला सेनोतेंची एक मोठी कमानच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या अशनीच्या आघाताशी डायनोसॉरच्या अंताचा संबंध जोडला जातो, त्या चिक्शुलुब विवराची गाडली गेलेली कड त्या कमानीखाली आहे.)

पोहण्याची सवय नसलेल्या माणसाने सुरुवात उघड्या सेनोतेपासून करावी. प्लाया देल कार्मेनहून तुलुमकडे जाणाऱ्या महामार्गालगतचा सेनोते आसुल यासाठी फार चांगला आहे, कारण तिथे काठाजवळ उथळ, नितळ पाणी आहे आणि पायाखाली दगड लागतो. माझी बहीण तिथे पहिला तासभर पाण्यातल्या दगडावर नुसती बसून होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तुलुमजवळच्या ग्रान सेनोतेला गेलो. तिथे लाकडी जिने आहेत, एक भाग उथळ आहे, पाण्यात छोटी कासवे फिरतात आणि डोक्यावरचे छत अर्धेच आहे. घाबरलेल्या माणसाला उजेडाकडे परतण्याची वाट सतत दिसत राहते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

बंदिस्त गुहेकडे त्यानंतर वळावे. व्हायादोलिद शहराजवळ त्झितनुप येथे सामुला आणि श्केकेन हे दोन सेनोते एकाच आवारात आहेत. सामुलात अरुंद पायऱ्यांनी खाली उतरताना हवा दमट होत जाते, वटवाघळांचा वास येतो, आणि मग एकदम मोठा घुमट उघडतो. छताच्या मध्यभागी भोक आहे; त्या भोकाच्या कडेला जमिनीवर उभ्या असलेल्या झाडाची मुळे दोरखंडासारखी सरळ खाली पाण्याच्या दिशेने लोंबत आली आहेत, वरच्या कोरड्या खडकात न मिळणारे पाणी शोधत. दुपारच्या सुमारास त्याच भोकातून उन्हाचा एक झोत उतरतो आणि तो जिथे पाण्याला टेकतो तिथला निळा रंग तळापर्यंत दिसतो. पायांना बारीक मासे हलकेच टोचतात. लाइफ जॅकेट घातलेली माझी बहीण तिथे दोरी सोडून पाठीवर तरंगली आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. पहिल्याच दिवशी तिला तिथे नेले असते तर ती पायऱ्यांवरूनच परतली असती, याविषयी मला शंका नाही.

चिचेन इत्झा या माया लोकांच्या प्राचीन नगराजवळचा इक किल सेनोते छायाचित्रांत सर्वत्र दिसतो. जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली पाणी, वरून लोंबणाऱ्या वेली. दृश्य खरोखर भव्य आहे. पण तिथे उथळ काठ नाही आणि सहलींच्या बस येऊ लागल्या की पाण्यात दाटी होते, म्हणून अगदी सकाळी जाणार असाल तरच जावे. खुद्द चिचेन इत्झामधल्या पवित्र सेनोतेत उतरता येत नाही आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा तळ उपसला गेला तेव्हा सोने, जेड आणि माणसांची हाडे निघाली. माया लोकांनी पर्जन्यदेव चाकला अर्पण केलेली ती दाने होती.

सुरक्षिततेबद्दल मी आग्रहाने सांगेन. सेनोतेंचे पाणी बहुतेक ठिकाणी गोडे असते, आणि गोडे पाणी समुद्राच्या पाण्याइतके माणसाला उचलून धरत नाही. समुद्रात सहज तरंगणारा माणूस इथे लवकर दमतो. पाणी वर्षभर साधारण २४-२५ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे बराच वेळ आत राहिल्यास अंगात थंडी भरते. लाइफ जॅकेट अनेक ठिकाणी सक्तीचे आहे. जिथे नाही तिथेही मागून घ्यावे. उडी फक्त त्यासाठी राखलेल्या जागेवरूनच मारावी, कारण नितळ पाण्यात खोलीचा अंदाज हमखास चुकतो.

श्वास रोखून पाण्याखालच्या बोगद्यात डोकावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. हे बोगदे किती दूरवर जातात याची कल्पना यावी म्हणून सांगते: २०१८ मध्ये तुलुमजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहांची जोडणी सापडली, तेव्हा एकत्रित मोजलेली लांबी सुमारे ३४७ किलोमीटर भरली. हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाण्याचा साधा स्कूबा परवाना असणाऱ्यांना प्रशिक्षित गाइडबरोबर केवळ गुहेच्या तोंडाजवळच्या, बाहेरचा उजेड दिसत राहील अशाच भागात नेतात. त्यापुढे पाण्याखाली मृत्यूचे चित्र असलेल्या ‘थांबा’ पाट्या लावलेल्या असतात. गुहेतल्या डायव्हिंगचे स्वतंत्र प्रशिक्षण नसलेल्या माणसाने त्या ओलांडू नयेत.

या बोगद्यांतून छताचे लवणस्तंभ पाण्याखालीही लोंबताना दिसतात. असे स्तंभ हवेतच, थेंबाथेंबाने तयार होतात. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना या गुहा कोरड्या होत्या. पाण्याबाहेरचे स्तंभ अजूनही वाढत असतात आणि हाताचा तेलकटपणा लागला तरी ती वाढ थांबू शकते, म्हणून आधारासाठीही त्यांना हात लावू नये.

सनस्क्रीन आणि डास पळवणारे मलमही लावून उतरू नये. उतरण्यापूर्वी शॉवर घ्यायला सांगतात तो उपचार म्हणून उरकू नये, अंग नीट चोळून धुवावे. सेनोते हे भूजलाचे उघडे तोंड आहे आणि त्याच भूजलावर या भागातली गावे पाण्यासाठी अवलंबून आहेत. चुनखडीतल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वाहताना मातीसारखे गाळलेही जात नाही. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा पुरतो.

आठवडाभरात तीन किंवा चार सेनोते पुरेत, दिवसाला एकच. प्रवेशशुल्कासाठी पेसोमध्ये रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण लहान ठिकाणी कार्ड चालत नाही. उघड्या सेनोतेला दार उघडताच पोहोचावे, आणि सामुलासारखी छताला भोक असलेली गुहा मात्र ऊन डोक्यावर येईल त्या वेळेसाठी राखून ठेवावी.