इगर्जीच्या वारशाचे फलक लिहिताना

प्रिय बाय,

तुमच्या गावच्या इगर्जीने, म्हणजे चर्चने, वारसा-प्रदर्शनाचा मराठी मजकूर तुझ्याकडे सोपवला हे वाचून बरे वाटले. पाद्रीबाबा धोरणी दिसतात. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, फेरीला (बाजाराला) अर्धा हिंदू गाव लोटतो, पण आत काय चालते हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ते सांगायला शेजारच्याच घरातली मुलगी हवी होती.

तुझा मसुदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखनाला नावे ठेवायला जागा नाही. पण आठही फलक इमारतीवर खर्च झाले आहेत. दर्शनी भाग, मुलामा दिलेला आल्तार (वेदी), चिऱ्याच्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या. हे सगळे पर्यटकांच्या पत्रकात असतेच, आणि जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलसमोर किंवा बों जेजू बॅसिलिकेसमोर उभी केली तर तुमची इगर्ज लहानच दिसणार. गावच्या माणसाला इगर्जीकडे बघताना वेगळेच सुचते. यंदा फेस्त कोणाच्या अंगावर? प्रेझिदेंत (फेस्ताचा यजमान) कोण झाला, बँड कुठून सांगितला, गेल्या खेपेसारखे दारूसामान उडणार का? वारसा म्हणजे हीच कामांची वाटणी, असे माझे मत. म्हणून प्रत्येक गोष्टीबद्दल तीन गोष्टी विचार: मान कोणाचा, खर्च कोणाचा, हात कोणाचे. बाकी आपोआप येईल.

वाड्यावरच्या खुरसापासून (क्रूसापासून) सुरुवात कर. मे महिन्यात वाड्यावाड्यावर लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असते. एखाद्या संध्याकाळी नुसती जाऊन उभी राहा. दुपारी कोणीतरी खुरसाला चुना काढलेला असतो, पोरांनी पताका बांधलेल्या असतात, अबोलीच्या माळा आणि मेणवाती. व्हायोलिनवाला येईपर्यंत बायका गप्पा मारतात, मग सगळे एकदम लॅटिनमध्ये सुरू होतात. अक्षर ओळखता न येणारी म्हातारीसुद्धा दुसऱ्या आवाजात सूर धरते. हे तिला कोणी शिकवले? इगर्जीला लागून असलेल्या शाळांमधून पिढ्यान्पिढ्या गाणे आणि वाद्य शिकवले गेले, त्याचा हा उरलेला झरा. गोव्यातले किती वाजवणारे पुढे मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले ते तू जाणतेसच, तो फलक वेगळा होईल. लदीन संपली की उकडलेले चणे खोबऱ्याच्या कातळ्यांसकट कागदाच्या पुडीत हातात पडतात, आणि मोठ्यांना फेणीचा घोट. त्या चण्यांचे पैसे कोण देतो, टोप कोणाच्या घरचा, ही पाळी ठरते कशी, हे लिहून घे. एक फलक फक्त त्या टोपावर झाला तरी माझी हरकत नाही.

फेरीकडेही नीट बघ. खाज्याचे दुकान मांडणारा बहुतेक हिंदूच असतो, आणि त्याच्या बापाची जागासुद्धा इगर्जीच्या चौकात तीच असते. बेसनाच्या त्या काड्या गुळाच्या पाकात घोळवताना आले नि तीळ कधी टाकायचे, एवढे त्याला विचारलेस तर तो तासभर बोलेल. म्हापशाचे मिलाग्रीचे (मरियेच्या एका रूपाचे) फेस्त आणि मडगावचे होली स्पिरिटचे फेस्त यांना लोक पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. पावसाळ्याआधी सुकी मिरची, सोलां, चिंच, कांदे, सुकी मासळी भरून ठेवायची ती तिथूनच. म्हणजे फेस्ताने आत्म्याची सोय केली तशी कोठीचीही केली. पाद्रीबाबांना हे वाक्य आवडणार नाही, काढलेस तरी चालेल.

मिलाग्रीचा विषय निघालाच आहे तर शिरगावच्या लईराई देवीचेही लिही. त्या दोघी बहिणी, सात बहिणींतल्या, असे लोक मानतात. मिलाग्रीच्या फेस्ताला शिरगावहून तेल जाते, आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून फुले येतात. मात्र ‘लोक मानतात’ हे दोन शब्द गाळू नकोस. श्रद्धेला पुरावा जोडायचा नसतो आणि ती खोडूनही काढायची नसते. तेल जाते ही घटना आहे, बहिणी असणे ही श्रद्धा. दोन्ही फलकावर येऊ देत, फक्त एकमेकांत मिसळू नकोस. शिवोलीचा जागर याच जातीचा. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी हिंदू आणि ख्रिस्ती घराण्यांनी आपापली ठरलेली कामे करायची. तिथेही आधी घराण्यांची कामे विचार.

कणसाच्या फेस्तावर मात्र तू दोनच ओळी लिहिल्यास याचे आश्चर्य वाटले. राय गावच्या इगर्जीत ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला नव्या भाताची कणसे आशीर्वादाला येतात. आपल्याकडे चतुर्थीच्या दिवसांत नवे पुजतात, तेच पीक, तोच पाऊस. कणसे कोणी कापायची हा गावकारांचा (गावातल्या मूळ घराण्यांचा) मान, त्यावरून भांडणेही झाली आहेत. तुमच्या गावात शेती उरली आहे का? नसेल तर कणसे कुठून आणतात, तेही लिही. विकत आणलेल्या कणसांनाही आज वारशात जागा आहे.

आता अवघड भाग. तुझ्या मसुद्यात इगर्ज जणू मोकळ्या माळावर उगवली. तसे नसते. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या फोरालात (सनदेत) गावकारीचे रिवाज नोंदले आहेत, म्हणजे गावाचा कारभार इगर्जीच्या आधीचा. १५४० मध्ये पोर्तुगीज अमलात तिसवाडीत देवळे पाडली गेली, पुढच्या काही दशकांत बारदेश आणि साष्टीत. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न इगर्जींकडे वळवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेजुइट (ख्रिस्ती मिशनरी) मारले गेले, आणि मग बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेले गावकार कापले गेले. हे वगळून फलक लिहिलेस तर गावातला एक माणूस तरी कोपऱ्यात उभा राहून हसेल. आणि तिखटमीठ लावून लिहिलेस तर दुसरा कोणीतरी त्याचा फोटो काढून भलत्याच कामाला वापरेल. साल, ठिकाण, काय झाले. विशेषण एकही नको. लिहिण्याआधी पाद्रीबाबांना दाखव, लपवून काही करू नकोस. समंजस पाद्री याला नाही म्हणत नाही असा माझा अनुभव आहे.

जातीचेही तसेच. कोंफ्रारीत (इगर्जीच्या बंधुमंडळात) कोणाला जागा, मिरवणुकीत ओप-मुर्स (झगा आणि खांद्यावरचे वस्त्र) कोणत्या वाड्याने कोणत्या रंगाची घालायची, यावरून पुष्कळ गावांत पिढ्यान्पिढ्या तेढ राहिली. देवळाच्या महाजनकीवरून आपण काय कमी भांडलो? तू हिंदू घरातली म्हणून त्यांच्या भांडणाबद्दल लिहिताना नाक वर होणार नाही, एवढे बघ.

मराठीचा स्वतंत्र फलक हवाच, आणि तो तुला सोपा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने साष्टीत राहून ख्रिस्तपुराण रचले. मराठी ओव्या, जवळपास ११,०००, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापल्या त्या रोमन अक्षरांत. नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती त्याने ओळखली. इगर्जींतून ते वाचले-गायले जाई. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथल्या भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. म्हणजे एका काळी तुमच्या गावच्या इगर्जीतही मराठी ओवी ऐकू आली असेल. ‘असेल’ असेच लिही, गावाची नोंद हाती येईपर्यंत.

घुमट या वाद्याचे चार ओळींत उरक. मातीच्या मडक्याला घोरपडीचे कातडे लावत, वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. मांडो या कोंकणी गीतातही तेच, गणपतीच्या आरतीतही तेच. २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य झाले. शक्य असेल तर फलकाशेजारी खरे घुमट ठेवा आणि पोरांना वाजवू द्या.

इगर्जीच्या जुन्या वह्या उघडायला मिळाल्या तर हात धुऊन बस. बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळे पोर्तुगीजमध्ये आणि अक्षर गिचमिड. वाचून देणारा एखादा म्हातारा गावात अजून असेल, त्याला गाठ. फोटो काढण्याआधी परवानगी घे. हयात माणसांच्या किंवा त्यांच्या आईबापांच्या नोंदी भिंतीवर लावायच्या नाहीत. कोणाच्या घरातले काय त्या पानावर निघेल सांगता येत नाही.

शेवटी मांडणीबद्दल. रोमी (रोमन लिपीतला) कोंकणी मजकूर वर, मराठी त्याच्या खाली. यजमान ते आहेत. मराठी फलक शंभर शब्दांच्या आत बसव, अक्षर एवढे मोठे ठेव की चष्मा विसरून आलेल्या माझ्यासारख्याला वाचता येईल. दुसरा मसुदा फेस्ताच्या आधी महिनाभर तरी पाठव, आणि चण्यांच्या टोपाचे काय समजले ते वेगळ्या कागदावर.

तुझा,
सर