वजनाचे इंजेक्शन : मंजुरी मिळालेले घ्यावे की चाचणीतले?

प्रश्न : माझे वय ४६, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, तरी मागच्या महिन्यातील एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.८ आले. गुडघ्यांमुळे तळजाई टेकडीवर फिरायला जाणेही कमी झाले आहे. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे टिर्झेपटाइडचे इंजेक्शन सुचवले आहे. परंतु माझ्या भाच्याच्या जिममधील प्रशिक्षक म्हणतो, की त्याच कंपनीचे रेटाट्रुटाइड हे नवे औषध याहून पुष्कळ प्रभावी आहे आणि त्याच्या कुप्या तो कमी पैशांत मागवून देऊ शकतो. नव्या औषधाला मंजुरी मिळेपर्यंत थांबावे, कुप्या घ्याव्यात, की डॉक्टरांचे ऐकावे?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : कुप्या मुळीच घेऊ नयेत आणि थांबूही नये. डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग मला योग्य वाटतो. प्रशिक्षकाने सांगितले त्यात तथ्य अजिबात नाही असे मात्र नाही, म्हणून थोडे तपशिलात जाते.

दोन्ही औषधे एलाय लिली या कंपनीची आहेत. टिर्झेपटाइड हे जीआयपी आणि जीएलपी-१ या आतड्यातून स्रवणाऱ्या दोन संप्रेरकांप्रमाणे काम करते. त्यामुळे भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते आणि साखर आटोक्यात येते. रेटाट्रुटाइडमध्ये ग्लुकागॉन या तिसऱ्या संप्रेरकाच्या कार्याची भर आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिर्झेपटाइडच्या चाचणीत २,५३९ जण होते आणि १५ मिलिग्रॅमच्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरले. रेटाट्रुटाइडच्या २०२३ मधील चाचणीत ३३८ जण होते आणि १२ मिलिग्रॅमवर ४८ आठवड्यांतच २४.२ टक्के घट दिसली. प्रशिक्षकाच्या बोलण्याचा आधार बहुधा हाच असावा. परंतु या दोन्ही चाचण्यांत मधुमेही व्यक्तींना घेतलेच नव्हते, आणि मधुमेहात वजन तुलनेने कमी उतरते.

आपल्यासारख्यांचे आकडे वेगळ्या चाचण्यांत सापडतात. टिर्झेपटाइडच्या १५ मिलिग्रॅम मात्रेने मधुमेहींमध्ये ७२ आठवड्यांत सरासरी १४.७ टक्के घट झाली, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे १२ किलो. रेटाट्रुटाइडच्या मधुमेहींवरील चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ३६ आठवड्यांत सुमारे १७ टक्के घट दिसली, म्हणजे सुमारे १४ किलो, आणि तीही निम्म्या काळात. नवे औषध अधिक प्रभावी ठरण्याची शक्यता त्यामुळे खरीच आहे. मात्र ती चाचणी अवघ्या २८१ जणांची होती आणि तेही निरनिराळ्या मात्रांच्या गटांत विभागलेले होते. शिवाय दोन स्वतंत्र चाचण्यांतील माणसे आणि कालावधी वेगळे असताना त्यांचे टक्के शेजारी ठेवून औषधांचा क्रम लावणे शास्त्राला धरून नाही. त्यासाठी दोन्ही औषधे एकाच चाचणीत समोरासमोर तपासावी लागतात.

डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींवरील रेटाट्रुटाइडच्या तिसऱ्या टप्प्यातील (मंजुरीआधीच्या मोठ्या) चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. वजन आणि गुडघ्यांचे दुखणे दोन्ही बरेच कमी झाले, परंतु सर्वांत मोठ्या मात्रेवरील सुमारे पाचांपैकी एकाला त्वचेच्या संवेदनेत बदल जाणवला. त्या चाचणीतही मधुमेही नव्हते. मधुमेहात पायांच्या नसांचा त्रास असाच मुंग्यांनी किंवा जळजळीने सुरू होतो, आणि देखरेखीविना असे औषध घेतल्यास मुंग्या औषधाच्या की मधुमेहाच्या, हे ओळखणे अवघड होईल. मला स्वतःला ही बाब दोन किलोंच्या फरकापेक्षा मोठी वाटते.

कुप्यांविषयी तर मी अधिकच आग्रहाने सांगेन. रेटाट्रुटाइडला भारतात विक्रीची परवानगी नाही. संशोधनाची भुकटी म्हणून जे विकले जाते, त्यात औषध किती, भेसळ कोणती आणि ते निर्जंतुक आहे की नाही, याची हमी कोणीच देत नाही. घरी पाणी मिसळून इन्सुलिनच्या सिरिंजने मात्रा मोजताना दहापट चूकही सहज होऊ शकते. चाचणीतील टक्के चाचणीतल्या औषधाचे असतात. त्यांच्या भरवशावर ही कुपी घेता येत नाही. नवे औषधच हवे असेल, तर सनदशीर वाट एकच आहे : क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदवलेली, नैतिकता समितीची मान्यता असलेली चाचणी. तिथे औषध विनामूल्य असते, तपासण्या होतात आणि चाचणीमुळे इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार उपचार व भरपाई मिळते.

टिर्झेपटाइड निर्धोक आहे असेही समजू नये. मळमळ, उलट्या, जुलाब आणि बद्धकोष्ठता सुरुवातीला अनेकांना होतात, म्हणूनच २.५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून चार आठवड्यांनी ५ वर जातात आणि पुढची प्रत्येक वाढ किमान चार आठवड्यांच्या अंतराने करतात. स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. साखर झपाट्याने उतरल्यास डोळ्यांचा जुना विकार बळावू शकतो, म्हणून पहिल्या इंजेक्शनपूर्वी दृष्टिपटल (रेटिना) तपासून घ्यावे.

खर्चाचाही विचार आधीच करावा. मार्च २०२५ मध्ये माउंजारो या नावाने हे औषध भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती, आणि कुपी दर आठवड्याला एक लागते. ३६ आठवड्यांनंतर औषध थांबवलेल्यांचे वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के परत वाढले, असे एका चाचणीत दिसले आहे. त्यामुळे चार महिन्यांपुरते पैसे जमवून सुरुवात करणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पुण्याशी निगडित आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपले दोघांचे उदाहरण मांडले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे त्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते, आणि वजन वेगाने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून भूक नसली तरी प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर किंवा अंडी असावीत आणि फिजिओथेरपिस्टकडून गुडघ्यांना झेपतील असे बळ वाढवणारे व्यायाम शिकून घ्यावेत.

आपल्या भाच्यालाही जरूर विचारावे. त्याने अशी कुपी वापरायला सुरुवात केली असेल, तर न रागावता ती कुपी आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जावे. पोटात असह्य दुखत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी.